दातांच्या गाडीची टाकी

मी नऊ वर्षं दातांच्या गाडीवर नर्स होते. गाडी म्हणजे एसटीची मोडीत निघालेली बस. ठाण्यातल्या एका ट्रस्टनं ती विकत घेतली, आतली बाकडी उपटली, मधोमध दाताची खुर्ची बसवली. खुर्चीशेजारी थुंकायचं बेसिन, मागे औजारं उकळायचा बॉयलर, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी एका लाकडी कपाटात दोनशे लिटरची पाण्याची टाकी. बाहेरून पांढरा रंग मारून दोन्ही अंगांना हसणारी तोंडं काढली होती. त्या तोंडांत बत्तीसच्या वर दात होते. पेंटरला कोणी सांगितलंच नसणार.

गाडीवर आम्ही तिघं. डॉक्टर पुण्याकडचे, साठीला टेकलेले, कधी आवाज न चढवणारे. ड्रायव्हर एसटीतून रिटायर झालेले, मूळ संगमेश्वरकडचे. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. आणि मी. खाडीकाठची कोळ्यांची आणि आगऱ्यांची गावं, मानपाड्याच्या कारखान्यांमागच्या चाळी, अशी आमची फेरी ठरलेली. एका गावाचा नंबर पंधरा दिवसांनी लागायचा. साधारण नव्वदच्या आगेमागे या सगळ्या गावांत दाताचा डॉक्टर म्हणजे आम्हीच.

मी राहायला डोंबिवलीला. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सव्वापाचला जायचं. तेवढ्यात पिंप, बादल्या, कळशा, सासूबाईंची सोवळ्याची घागर वेगळी, सगळं भरायचं. मग डबे, मग लोकल पकडून ठाणं, मग खोपटला डेपोच्या मागे एका आवारात गाडी उभी असायची तिथवर चालत. पोचले की परत पाणीच. नळाला पाइप लावायचा, गाडीच्या अंगाला टाकीचं तोंड होतं त्यात खुपसायचा आणि उभं राहायचं. माझं निम्मं आयुष्य नळापाशी गेलं म्हटलं की आता मुलं हसतात. हसू देत. त्यांच्या घरी चोवीस तास पाणी आहे.

पाणी भरत असताना माझं दुसरं एक काम असायचं. टाकीच्या कपाटावर फळी होती आणि फळीवर देवीची तसबीर, आधीच्या ड्रायव्हरनं लावलेली. तसबिरीसमोर, फळीतून वर आलेली, बोटाएवढी जाड एक पितळी नळी होती. ज्यानं गाडी सजवली त्यानं उदबत्तीसाठी केलेली सोय, असं मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते. रोज सकाळी त्या नळीत एक उदबत्ती लावायची, हात जोडायचे, आज पाणी पुरू दे म्हणायचं. बाकी काही मागत नव्हते. तेवढी आशाच उरली नव्हती.

दसरा झाला आणि त्या टाकीनं पाणी घेणं सोडलं. पाइप घातला की पाच मिनिटं घटाघटा आवाज यायचा, आणि मग पाणी उलटं बाहेर, मामांच्या शर्टावर, माझ्या पांढऱ्या साडीवर. आम्हाला वाटायचं, भरली. गावात जाऊन चार-पाच दात काढले की बेसिनचा नळ फुसफुस करायला लागायचा. आत जेमतेम दोन बादल्या पाणी गेलेलं असायचं.

"हिचं पोट रिकामं आहे आणि ही नको नको म्हणते," मामा म्हणाले. "नवी नवरी पंगतीला बसल्यासारखं चाललंय हिचं."

पहिल्यांदा दोष नळाच्या जोराला दिला. जोर कमी म्हणून मामांनी तोटी बदलली. मग वाटलं जोर जास्त आहे, म्हणून तोटी अर्धी बंद करून भरून बघितली. मग पाइपला कुठे पीळ पडलाय का ते बघितलं. मग टाकीच्या तोंडाची जाळी काढली, ती मी टूथब्रशनं घासली. गाडीवर टूथब्रशांना तोटा नव्हता. मग खालचा नळ सोडून टाकी आतून धुतली, चमचाभर गाळ निघाला. गळते का म्हणून मामा गाडीखाली आडवे झाले, तर खालची जमीन कोरडी ठणठणीत. शेवटी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं कपाटाबाहेरूनच टाकीवर दोनदा टकटक केलं आणि आतला पत्रा बसलाय म्हणून सांगितलं. कपाट तोडावं लागेल, टाकी नवी बनवावी लागेल, महिनाभर गाडी उभी. ट्रस्टच्या ऑफिसातून निरोप आला की आता मार्चनंतर बघू. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

तोवर काय, तर दोन प्लॅस्टिकचे कॅन. टाकीतल्या दोन बादल्या आणि हे दोन कॅन, एवढ्यावर दुपारी बारापर्यंत गाडी चालायची. डॉक्टर स्वच्छतेच्या बाबतीत आमच्या सासूबाईंच्याही वरताण. हात धुतल्याशिवाय दुसऱ्या तोंडाला हात लावायचे नाहीत. पाणी संपलं की काम संपलं, हा त्यांचा नियम, आणि तो बरोबरच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गावातलं पाणी घ्यावं तर नळ पहाटे तासभर येऊन गेलेला, आणि विहिरी खाडीमुळे खारट. एकदा ते पाणी बॉयलरला घातलं, तर आठवड्यात चिमटे गंजले आणि बॉयलर आतून पांढरा पडला. पुन्हा कोणी ते नाव काढलं नाही.

बारानंतर दारात उभ्या असलेल्या माणसांना परत जा म्हणायचं काम माझं. डॉक्टर तोंड फिरवून हात पुसत बसायचे, मामा बिडी ओढायला उतरायचे. शिव्या मी खायच्या. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग नुसता कंटाळा यायला लागला. रोज मरे त्याला कोण रडे.

त्या परत गेलेल्यांत एक म्हातारी होती. खाडीकाठच्या एका गावची कोळीण, मासळी विकणारी, आणि त्या गावची धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा असतो. ती धवले गाते, म्हणजे लग्नविधीची गाणी, आणि तिनं गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. या बाईनं सगळ्या गावाची लग्नं गायली होती. आता माघात तिच्या नातीचं लग्न होतं. पोरीचा बाप, म्हणजे हिचा मुलगा, वारलेला, पोर हिनंच वाढवलेली. आणि हिची खालची दाढ सडून गाल एवढा सुजलेला की तोंडात दोन बोटं शिरत नव्हती.

"बाय, माजा तोंडच उघडत नाय," ती मला म्हणाली. "मी गानार कशी?"

पहिल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "आज काढता येणार नाही. आधी सूज उतरू द्या. गोळ्या घ्या आणि पंधरा दिवसांनी या." ते ठीकच होतं.

दुसऱ्या खेपेला सूज उतरलेली होती, पण ती बाजार आटपून आली साडेबाराला, आणि आमचं पाणी बारालाच संपलेलं. मी म्हटलं, "आजी, सकाळी यायचं ना."

"सकालचा बाजार कोन करल? तू?" ती म्हणाली.

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. मी तिला सांगितलं की पुढच्या वेळी एक कॅन मी तुमच्यासाठी बाजूला ठेवते, कोणाला हात लावू देणार नाही. डॉक्टरांना न विचारता सांगितलं. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि गेली.

तिसऱ्या खेपेला मी खरंच कॅन ठेवला. खुर्चीखाली, वर टॉवेल टाकून. अकराच्या सुमाराला मिठागरावरचा एक माणूस आला, त्याचा दात काढला आणि रक्त थांबेना. गुळण्या, बोळे, पुन्हा गुळण्या, डॉक्टर हात धुताहेत, मी औजारं धुतेय. बारा वाजता टॉवेलखालचा कॅनही मीच उघडून दिला. दुसरं काय करणार होते? साडेबाराला ती आली तेव्हा मी रिकाम्या कॅनकडे बोट दाखवलं.

गाल पुन्हा फुगायला लागला होता. डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "लग्न कधी आहे? दहा दिवसांनी ना? मग ठाण्याला सरकारी दवाखान्यात जा, आजच जा." ती म्हणाली, तिथं मना कोन वलखतं, तिथं मी एकटी जायची नाय. मग मामांना म्हणाली, तुमचं पाणी संपतं तरी का एवढं, दाखवा मला.

मामांनी तिला वर घेतलं आणि टाकीचं कपाट दाखवलं. तिनं त्यावर तळहात ठेवला. मग फळीवरच्या तसबिरीकडे, नळीतल्या विझलेल्या काडीकडे बघितलं.

"रोज लावतंस उदबत्ती?" तिनं मला विचारलं.

"रोज."

"मंग भरल. मी एकवीरेला नवस बोलतंय. टाकी भरली का नारल फोरीन, आनि उदबत्तीचा पुडा तुज्या देवीला."

तिनं टाकीसाठी नवस बोलला यावर मामा दिवसभर हसत होते. मी नाही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी एकाच्या दोन उदबत्त्या लावायला लागले.

दहा दिवस गेले. त्या रविवारी मी घरी तेलाचा नवा डबा फोडायला बसले होते. काल त्या म्हातारीच्या नातीचं लग्न झालं असणार, हे डोक्यात घोळत होतं. खिळा लावला, बत्त्यानं ठोकून एक भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. तेल घटाघटा करून थांबायचं, पुन्हा उसळायचं, अर्धं ओट्यावर. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "अगं, समोर दुसरं भोक पाड. वारा शिरायला वाट नको का? इतकी वर्षं संसार करतेस."

मी दुसरं भोक पाडलं. तेलाची धार सरळ लागली. मी डबा धरून तशीच बसले. तोच आवाज, तीच उसळी. पातेलं भरून ओट्यावर वाहायला लागलं तेव्हा सासूबाई उठून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला.

सोमवारी मी मामांना विचारलं, "मामा, टाकीतला वारा बाहेर जायला वाट कुठे आहे?"

मामांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन कपाटाची पाठची फळी काढली आणि बॅटरी मारली. टाकीच्या माथ्यातून दोन नळ्या निघालेल्या. एक जाड, वळण घेऊन गाडीच्या अंगाकडे गेलेली, म्हणजे पाणी भरायची. दुसरी बारीक, पितळी, सरळ वर.

"ही वर कुठं जाते?" मामा म्हणाले.

आम्ही दोघांनी मान वर केली. देवीची तसबीर, आणि तिच्यापुढे नळीत शनिवारच्या दोन जळक्या काड्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर इथे कळशात माझाच हात होता.

मामांनी सायकलची तार आणली आणि नळी उकरायला घेतली. आधी काड्यांची बुडखी निघाली, मग राख, मग कुंकवाचा चिकटा, आणि त्याखाली दगडासारखा कडक पांढरा गोळा. तो बघितला आणि मला आठवलं. दसऱ्याच्या पूजेला उदबत्ती नळीत कलंडत होती, राख देवीच्या हारावर पडत होती. मीच घरून आणलेल्या कणकेचा गोळा करून अंगठ्यानं नळीत ठोसला होता, काडी ताठ उभी राहावी म्हणून. नीट बसली म्हणून मला समाधानही वाटलं होतं. त्याआधी राख आत पडायची आणि वारा तिला वर ढकलून द्यायचा. कणीक वाळली आणि टाकीचा श्वासच बंद झाला. आणि त्याच नळीत रोज काडी खोचून मी पाणी पुरू दे म्हणत होते. कर्म माझं.

मामांनी गोळा फोडून काढला. मग पाइप लावला. वारा नळीतून असा वर आला की देवीचा वाळका हार हलायला लागला. पंधरा-वीस मिनिटं पाणी नुसतं जात राहिलं, एक थेंब उलटा आला नाही. गाडी एका अंगाला जराशी बसली. चार महिन्यांनी टाकी भरली होती.

तेवढ्यात डॉक्टर आले. "सापडलं का? काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण मामा आधी बोलले. "वाऱ्याची नळी चोंदलेली, साहेब. मीच कधीतरी फडकं कोंबलं असणार त्यात. माझ्या लक्षात राहिलं नाही."

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, पण ते मामांना म्हणाले, "चार महिने, मामा. रोज दहा-पंधरा माणसं परत गेली. दुखत असताना परत गेली. याला काय म्हणायचं?" मामा मान खाली घालून पाइप गुंडाळत राहिले. मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. त्या आधीच घातलेल्या होत्या, त्या मोडून पुन्हा घातल्या. नंतर मामांना विचारलं, असं का केलंत, तर म्हणाले, "मी रिटायर झालेला माणूस, मला कोण काय करणार आहे. तुम्हाला अजून पंधरा वर्षं काढायचीत सिस्टर." मला खरं सांगायची बुद्धी त्या दिवशी झाली नाही, नंतरही झाली नाही. डॉक्टर जाऊन आता किती वर्षं झाली.

त्याच आठवड्यात त्या गावाचा नंबर आला. बारा वाजले, साडेबारा वाजले, नळाला भरपूर पाणी. ती आली. हातात लग्नाचा हिरवा चुडा, नखांत हळद, गाल बराच उतरलेला.

"लग्न झालं?" मी विचारलं.

"झाला."

"धवले?"

"पल्यारच्या गावची बाई आनली. बरी गायली." ती खुर्चीवर चढून बसली. "मी मांडवान बसलू, तोंडाला पदर लावून. पोर हलदीला वलून वलून माज्याकडं बघं. आये, तू का नाय गात, म्हने."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दाढ दोन तुकड्यांत निघाली. तिनं हूं का चूं केलं नाही. मी पेला भरून दिला, तिनं गुळणी केली, पुन्हा भरून दिला. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःच हात पुढे करून बेसिनचा नळ सोडला आणि पाण्याकडे बघत राहिली. धार बारीक होत नाही हे बघून मग तिनं तो बंद केला.

खुर्चीवरून उतरली ती थेट आपल्या गाठोड्याकडे गेली. नारळ काढला, गाडीच्या पायरीवर स्वतःच फोडला. मग उदबत्तीचा नवा पुडा काढला, दातांनी फोडायला गेली, पण तोंड बधिर होतं म्हणून माझ्याकडे दिला. मी फोडला. मामांच्या काडेपेटीनं तिनं एक उदबत्ती पेटवली, ती माझ्या हातात दिली आणि फळीकडे खूण केली. लाव.

नळीच्या तोंडावर मामांनी आदल्याच दिवशी बारीक जाळी बसवली होती. तिथे आता काही लागणार नव्हतं. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. त्या क्षणी मी तिला सांगू शकले असते. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. माझ्यामुळे तुम्ही मांडवात तोंडाला पदर लावून बसलात, एवढंच. पण तिच्या तोंडात बोळा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ती इतकी समाधानानं उभी होती की माझी जीभ उचलेना. हे चांगुलपण नव्हतं. मला भीती वाटली, एवढंच.

मी उदबत्ती हातातच धरली.

तिनं खुणेनं विचारलं, का. मी म्हटलं, "हातातच बरी, आजी."

तिला वाटलं, हा माझा भक्तिभाव. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग बोळा गालात सारून, रक्ताळलेल्या तोंडानं, एकेक शब्द उच्चारत म्हणाली, "तुज्या उदबत्तीनीच भरली गो, बाय."

ती खाडीच्या बांधावरून चालत दिसेनाशी झाली तरी मी तशीच उभी होते. काडी जळत खाली आली, बोटाला चटका बसला, तरी ती खाली ठेवायला मला जागा सुचेना. शेवटी मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पाण्यात विझवली आणि दारातल्या माणसांना म्हणाले, "चला, पुढे कोण आहे?"